शरणपूरचे आफ्रिकन असायलम

आफ्रिकेच्या अंतर्भागातील मोहिमांवर एकोणिसाव्या शतकात जे इंग्रजी ग्रंथ निघाले, त्यांत ‘नासिक बॉईज’ नावाची मंडळी वारंवार भेटतात. शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत ती आहेत आणि मोंबासाच्या मिशनच्या इतिहासात तर ती पावलोपावली आहेत. यांतले कोणीही गोदाकाठी जन्मलेले नव्हते. पूर्व आफ्रिकेतल्या गावांतून पळवून नेलेली, किनाऱ्यावर विकलेली, भर समुद्रात ब्रिटिश आरमाराने गलबतांवरून उतरवून घेतलेली आणि मुंबईमार्गे नाशिकला आलेली ही मुले. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपुरात त्यांच्यासाठी जी संस्था चालवली तिचे नाव आफ्रिकन असायलम. १८५४ च्या सुमारास ती उभी राहिली आणि १८७५ च्या आसपास मिटली. रौप्यमहोत्सवसुद्धा तिच्या वाट्याला आला नाही. तरी गुलामगिरीच्या उच्चाटनाच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या स्मरणिकेत तिला पाने द्यायची, याला कारण आहे. तिच्या मुलांची आठवण लंडनने ठेवली, मोंबासाने ठेवली. नाशिकच्या इतिहासावर आपण बोलतो तेव्हा पेशवे येतात, काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतो, सावरकर येतात, जॅक्सनचा खून येतो. शरणपूरची ही मुले त्या यादीत क्वचितच येतात.

संस्थेची पार्श्वभूमी कायद्याच्या तारखांत आहे, आणि या तारखा जरा फसव्या आहेत. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवली, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. हिंदुस्थानसाठी वेगळा कायदा यायला १८४३ उजाडले. त्यानेही एवढेच केले की गुलामीचा हक्क कोणत्याही कोर्टात मान्य होणार नाही. गुलाम बाळगणे हा फौजदारी गुन्हा ठरला तो भारतीय दंडसंहिता १८६२ मध्ये अमलात आल्यावर. आपल्याकडे पेशवाईत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री राजरोस होत असे, तेव्हा हा प्रश्न फक्त परदेशातला होता अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

हिंदी महासागरातला व्यापार तर कायद्यांना वळसा घालून चालूच होता. झांझिबारच्या सुलतानाशी ब्रिटिशांनी १८२२ आणि १८४५ मध्ये तह केले. त्यांनी गुलामांच्या वाहतुकीवर मर्यादा आल्या, वाहतूक थांबली नाही. न्यासा सरोवराच्या परिसरातून, विशेषतः याओ लोकांच्या मुलखातून, माणसे किल्वा आणि झांझिबारला येत. तिथून गलबते अरबस्तान, इराणचे आखात आणि कच्छ-काठेवाडकडे निघत. झांझिबारमध्ये गुलामांचे मालक केवळ अरब होते असेही नाही. ब्रिटिश प्रजाजन म्हणवणारे हिंदी व्यापारीही गुलाम बाळगून होते. १८५८ ते १८६१ या काळात तिथे कॉन्सल असलेल्या ख्रिस्तोफर रिग्बीने या व्यापाऱ्यांकडच्या हजारो गुलामांना मुक्त करायला लावले. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांच्या पराक्रमाच्या कहाण्या सांगताना हे प्रकरण बहुधा गाळले जाते. आरमाराच्या गस्तीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. पकडलेल्या प्रत्येक गलबतामागे खलाशांना सरकारकडून बक्षिसाची रक्कम मिळे. दया आणि धंदा एकाच बोटीवर असत.

सोडवलेल्या माणसांचे पुढे काय करायचे, याचे उत्तर आरमाराकडे नव्हते. त्यांना घरी परत पाठवणे म्हणजे पुन्हा त्याच व्यापाऱ्यांच्या तावडीत देणे, असा युक्तिवाद होई. मग कोणाला एडनला उतरवत, कोणाला सेशेल्स बेटांवर, कोणाला मुंबईला. मुंबईत ही जबाबदारी पोलीस कमिशनरकडे होती. मोठ्यांपैकी कोणी घरकामाला लागत, कोणी गोदीत वा बोटींवर. मुलांना मिशनच्या शाळांकडे सोपवत. मुंबईकर या सगळ्यांना सरसकट सिद्दी किंवा हबशी म्हणत. जंजिऱ्याच्या सिद्द्यांशी किंवा अहमदनगरच्या मलिक अंबराशी त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण ती शतकांपूर्वी आलेली, इथे राज्य केलेली माणसे. शरणपूरची मुले कालपरवा विकली गेलेली होती.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ मध्ये चार्ल्स फॅरर याने सुरू केले होते. मराठी मुलखात धर्मांतर करणाऱ्यांचे हाल काय होत हे वेगळे सांगायला नको. घरदार, गाव, विहिरीचे पाणी, सगळे एका दिवसात बंद. अशा लोकांसाठी विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने नाशिकच्या पश्चिमेला एक वसाहत वसवली. तेच शरणपूर. चर्च, शाळा, अनाथालय, कारखाना आणि घरे अशी तिची रचना होती. मुंबईहून आफ्रिकन मुले येऊ लागली ती या वसाहतीत. म्हणजे एका बाजूला स्वतःच्या गावाने टाकलेली मराठी कुटुंबे, दुसऱ्या बाजूला गावच हिरावले गेलेली आफ्रिकन मुले, आणि दोघांच्या मध्ये मिशनची घंटा. सकाळी प्रार्थना, मग शाळा, मग हाताचे काम, असा दिवस. मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवत, मुलींना शिवणकाम. इंग्रजी लिहिता-वाचता येईल इतके शिक्षण बहुतेकांना मिळे. हिंदुस्थानी बोलणे तर सहवासानेच येई.

मुलांना नवी नावे मिळत, आणि नावे कुठून आली हे बरेचदा उघड दिसते. सायमन प्राइस हे नाव प्राइसचे. रिचर्ड आयझेनबर्ग हे नाव मुंबईत काम केलेल्या, त्याआधी इथिओपियात राहून अम्हारी भाषेचे व्याकरण लिहिलेल्या जर्मन मिशनरी आयझेनबर्गचे. केरस फॅरर या नावात नाशिकच्या पहिल्या मिशनऱ्याचे आडनाव आहे. मुलांची मूळ नावे फारच थोडी उरली. मॅथ्यू वेलिंग्टन दीर्घायुषी झाला आणि त्याचा वृत्तांत कोणीतरी लिहून घेतला, म्हणून तो मूळचा चेंग्विम्बे होता हे आपल्याला कळते. याओ मुलखातून तो लहानपणी विकला गेला, ब्रिटिश जहाजाने त्याला सोडवले, एडन आणि मुंबई करत तो नाशिकला आला. मुक्तीच्या या पद्धतीत मालक गेला, पण मुलाचे नाव, धर्म, काम आणि राहण्याचे ठिकाण ठरवणारे दुसरेच कोणी राहिले. प्राइस भला माणूस होता, त्याने या मुलांवर आयुष्य वेचले, हे सगळे खरे धरूनही ही गोष्ट नोंदवावी लागते.

असायलमचा खरा विस्तार नाशिकबाहेर झाला. मोंबासाजवळ रबाई येथे योहानेस रेबमन हा मिशनरी वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा बसला होता. किलिमांजारोचे बर्फाच्छादित शिखर पाहिल्याचे युरोपला प्रथम कळवणारा आणि त्याबद्दल लंडनच्या विद्वानांची थट्टा सहन करणारा तो हाच. त्याच्या मदतीला १८६० च्या दशकात नाशिकहून विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तरुण गेले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते परतले ते शिक्षक आणि धर्मोपदेशक म्हणून. त्यांचे काम पुढे कुठवर गेले ते मागाहून येईल. आधी लिव्हिंग्स्टनकडे वळले पाहिजे, कारण जगाला नाशिकचे नाव कळले ते त्याच्यामुळे.

१८६४ च्या जूनमध्ये लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. बरोबर चुमा आणि वेकोटानी ही दोन मुले होती. त्यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. म्हणून चुमाला नाशिकचा म्हणणे बरोबर नाही, जरी पुष्कळ ठिकाणी तसे छापलेले आढळते. पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टन परत आला, बोट विकली (तिचे पैसे ज्या बँकेत ठेवले ती बुडाली) आणि नव्या मोहिमेसाठी माणसे शोधत नाशिकला गेला. शरणपुरातून त्याने नऊ तरुण निवडले. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा बार्टल फ्रियर होता. झांझिबारच्या सुलतानाला भेट म्हणून पाठवायच्या ‘थूल’ नावाच्या जहाजावर त्याने या सगळ्यांची सोय केली आणि जानेवारी १८६६ मध्ये मंडळी मुंबईहून निघाली. लिव्हिंग्स्टनने आपल्या ताफ्याची मोजदाद केली आहे ती अशी : मुंबईच्या मरीन बटालियनचे १३ शिपाई, कोमोरो बेटांतले १० जण, नाशिकची ९ मुले, झांबेझीकाठच्या शुपांग्याचे दोघे, चुमा आणि वेकोटानी. शिवाय ६ उंट, ३ म्हशी व एक पारडू, २ खेचरे आणि ४ गाढवे. त्सेत्से माशीपुढे हिंदुस्थानातली जनावरे टिकतात का, हे त्याला पाहायचे होते. ती टिकली नाहीत. शिपाई तर त्याआधीच परत पाठवावे लागले, कारण ते जनावरांना बेदम मारत आणि चालायला तयार नसत. नाशिकच्या मुलांबद्दलही लिव्हिंग्स्टनच्या तक्रारी भरपूर आहेत. शिपायांच्या संगतीने ती बिघडली, असे त्याचे म्हणणे. शाळेच्या अंगणातून थेट आफ्रिकेच्या रानात, पाठीवर ओझी, पोट अर्धे भरलेले, अशा अवस्थेत कोणता विशीच्या आतला मुलगा कुरकुरला नसता? रिचर्ड आयझेनबर्ग तर काही महिन्यांतच, मागे पडून, मुक्कामाच्या एका गावात वारला.

या प्रवासातली एक नोंद मला सगळ्या रोजनिशीत मोलाची वाटते. जुलै १८६६ मध्ये याओ मुलखात मंडळी पोहोचली, तेव्हा गर्दीतल्या एका माणसाने नाशिकच्या अब्राहम परेराला ओळखले. तो अब्राहमचा मामा-काका कोणीतरी होता. अब्राहम विकला गेल्यानंतर त्याच्या आईला आणि दोन बहिणींनाही विकून टाकले, ही बातमी त्याने दिली आणि आता इथेच राहा म्हणून आग्रह धरला. अब्राहम राहिला नाही. आई नाही, बहीण नाही, तिथे राहून काय करू, असे त्याचे उत्तर होते. ज्या गावाचा ध्यास धरून एखादा मुलगा नाशिकच्या वसाहतीत वर्षे काढील, ते गाव सापडूनही त्याच्या उपयोगी पडले नाही. गुलामगिरीवर शेकड्याने पुस्तके लिहिली गेली, पण ती एका घराचे काय करते हे इतक्या थोडक्यात सांगणारी जागा मी तरी दुसरी वाचलेली नाही. लिव्हिंग्स्टनने यावर जी टिप्पणी केली ती आईकडच्या नात्याच्या घट्टपणाबद्दलची आहे. निरीक्षकाची सवय, दुसरे काय.

नऊपैकी एडवर्ड गार्डनर आणि ‘माब्रुकी’ म्हणून ओळखला जाणारा नथॅनिएल कुंबा हे दोघे शेवटपर्यंत लिव्हिंग्स्टनबरोबर राहिले. १८७२ मध्ये, पत्रकार स्टॅनले त्याला भेटून परतल्यावर, झांझिबारहून जी नवी कुमक गेली तिच्यात नाशिकचे आणखी सहा जण होते : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, केरस फॅरर, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन.

मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारला. पुढे जे घडले ते या माणसांच्या निर्णयाने घडले, तिथे हुकूम देणारा गोरा माणूस कोणी नव्हता. त्यांनी काळीज आणि आतडी काढून झाडाखाली पुरली. या कामात केरस फॅररचा हात होता. जेकब वेनराइटने प्रार्थनापुस्तकातला अंत्यविधी वाचला. मग मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून, कापडाचा गठ्ठा वाटावा असे ते प्रेत घेऊन मंडळी किनाऱ्याकडे निघाली. चाल सुमारे नऊ महिन्यांची आणि दीड हजार किलोमीटरच्या आसपासची. वाटेत लिव्हिंग्स्टनच्याच मदतीला निघालेला लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला आणि प्रेत इथेच पुरा म्हणाला. त्यांनी नकार दिला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले.

निघण्यापूर्वी जेकबने त्या झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली : मृताचे नाव, तारीख, आणि ताफ्यातल्या काही प्रमुखांची नावे. स्वतःचे कोरले नाही. १८९९ मध्ये झाड पोखरले जाऊन मरणाला टेकले तेव्हा तो भाग कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे पाठवण्यात आला. शरणपूरच्या शाळेत लिहायला शिकलेल्या एका मुलाने केलेली ही कोरीव नोंद, या साऱ्या स्मरणपरंपरेतली पहिली कलाकृती म्हणून मी धरतो. ती एका मुक्त गुलामाने एका मुक्तिदात्यासाठी केली. पुढे बरीच वर्षे स्मरण याच दिशेने वाहत राहिले.

प्रेताबरोबर इंग्लंडला जायचा मान जेकबला मिळाला, कारण मिशनने त्याचे भाडे भरले. चुमा आणि सुसी हे जुने साथीदार मागे राहिले, दफनानंतर कोणी खर्च केला तेव्हा ते तिकडे गेले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. ‘मालवा’ बोटीवर शवपेटीशेजारी बसलेल्या जेकबचे छायाचित्र इंग्लंडभर गाजले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ पदके पाडली आणि त्यांवर शेवटपर्यंतच्या निष्ठेचा गौरव कोरला. निष्ठा! त्या काळच्या इंग्लंडला या माणसांत तेवढेच दिसले. त्यांनी वाट काढली, वाटाघाटी केल्या, रोजनिशी लिहिली, एका ब्रिटिश अधिकाऱ्याला सरळ नाही म्हणून सांगितले, यांतले पदकावर काही नाही. जेकबने स्वतः त्या काळाची रोजनिशी लिहिली होती. ती जर्मन भाषांतरात १८७४ मध्येच छापली गेली, मात्र तिचे मूळ हस्तलिखित वाचकांसमोर यायला एकविसावे शतक लागले. जेकब पुढे शिक्षक झाला, मिशनशी त्याचे बिनसले, तो युगांडात राजा मुतेसाच्या दरबारी गेला. १८९२ च्या सुमारास तो टांझानियातल्या उरांबोजवळ वारला.

१८७३ हे साल अनेक अर्थांनी मोठे. ५ जून रोजी सुलतान बर्गशने तहावर सही केली आणि झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, आणि ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. नाशिकपासून पुणे काही लांब नाही, पण अमेरिकेतली मुक्ती पुण्यात पोहोचली आणि नाशिकातली मुक्त मुले मात्र मराठी लेखनात आली नाहीत, ही विसंगती मला छळते.

तहाची बोलणी करायला गेला होता तोच फ्रियर, मुंबईचा माजी गव्हर्नर. त्याने मोंबासा आणि रबाईला भेट देऊन नाशिकहून गेलेल्यांचे काम पाहिले आणि मुक्त गुलामांसाठी तिथेच वसाहत करावी असा सल्ला दिला. चर्च मिशनरी सोसायटीने हे काम प्राइसवर सोपवले. १८७४ च्या अखेरीस तो मोंबासाला पोहोचला. बेटासमोरच्या किनाऱ्यावर जमीन घेऊन १८७५ मध्ये फ्रियर टाउन वसले, आणि शरणपूरचे असायलम रिकामे होत गेले. सुमारे दीडशे जण हिंदुस्थानातून तिकडे गेले. त्यांना तिकडे ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. सुतार, लोहार, शिक्षक, दुभाषे अशी ही तयार माणसे होती. आरमाराने उतरवलेली नवी माणसे फ्रियर टाउनला आली, तेव्हा त्यांना घर बांधायला आणि अक्षरे गिरवायला शिकवणारे नाशिकचे होते. ज्या हिंदुस्थानात ते पोरके म्हणून आले, त्याच हिंदुस्थानचे नाव त्यांना आफ्रिकेत चिकटले. परके ठरण्याची ही दुसरी खेप.

फ्रियर टाउनचा इतिहास गोड नाही. १८८० च्या आसपास तिथल्या एका गोऱ्या अधीक्षकाच्या कारभारात फटके आणि कोठडी यांचा इतका सुळसुळाट झाला की चौकशीसाठी म्हाताऱ्या प्राइसला पुन्हा इंग्लंडहून यावे लागले. पगारातल्या फरकावरून आणि वागणुकीवरून बाँबे आफ्रिकनांनी मिशनशी झगडे केले. विल्यम जोन्स त्यांत पुढे होता. १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना बिशप हॅनिंग्टनने डीकन म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाच्या वाटेवर मारला गेला आणि मागे थांबलेल्या जोन्सने उरलेला काफिला रबाईला परत आणला. काफिल्यापुढे निळा झेंडा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत, वैभव लोपल्याचे सांगणारा बायबलातला ‘इखाबोद’ हा शब्द. रबाईत जोन्सने मालकांकडून पळून आलेल्यांना आसरा दिला, आणि हे मिशनच्या धोरणात बसत नव्हते. प्रकरण इतके पेटले की शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेहून अधिक जणांना मुक्तीचे कागद दिले. आरमाराने किती गलबते पकडली याची नोंद इतिहासात असते. एका माजी नाशिककराने दार उघडे ठेवले म्हणून सुटलेल्यांचा हा आकडा फारसा सांगितला जात नाही. झांझिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली १८९७ मध्ये आणि केनियात १९०७ मध्ये.

फ्रियर टाउनच्या घंटेचा मनोरा आजही मोंबासात रस्त्याकडेला उभा आहे. गुलामांची गलबते दिसली की इशारा द्यायला ही घंटा होती. त्या भागाला लोक केंगेलेनी, म्हणजे घंटेजवळची जागा, म्हणतात. बस तिथे थांबतात. लेखी स्मरण थोडे उशिरा आले. जेम्स जुमा म्बोतेला हा फ्रियर टाउनच्या मुक्त गुलामाचा मुलगा. त्याने १९३४ मध्ये स्वाहिलीत ‘उहुरू वा वातुम्वा’ हे पुस्तक लिहिले, आणि गुलामीतून मुक्तीपर्यंतची हकिकत त्या समाजातल्या माणसाच्या तोंडून प्रथमच वाचायला मिळाली. त्याच्या पुढच्याच वर्षी मॅथ्यू वेलिंग्टन वारला. लिव्हिंग्स्टनचे प्रेत वाहून आणणाऱ्यांपैकी हयात असलेला तो शेवटचा.

झांझिबारच्या बंद पडलेल्या बाजाराच्या जागेवर ख्राइस्ट चर्च कॅथेड्रल आहे. ज्या झाडाखाली काळीज पुरले, जेकबने ज्याच्यावर अक्षरे कोरली, त्याच्या लाकडाचा क्रूस तिथे आहे. तिकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने तो अवश्य पाहावा, पण आधी अंगणात थांबावे. तिथे जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात, गळ्यात साखळ्या अडकवलेल्या पाच माणसांची शिल्पे आहेत. स्वीडिश शिल्पकार क्लारा सोर्नास हिने ती १९९८ मध्ये केली. साखळ्या मात्र त्या काळातल्या, अस्सल आहेत. आकृत्या ओबडधोबड आहेत, चेहरे ओळखीचे करण्याचा प्रयत्न नाही, आणि पाहणाऱ्याला वाकून खाली बघावे लागते. त्या शिल्पात सोडवणारा कोणी नाही. पदकापासून इथपर्यंत यायला सव्वाशे वर्षे लागली.

नाशिकचे नाव मोठ्या अक्षरांत लागले ते २००७ साली, लंडनमध्ये. व्यापारबंदीच्या कायद्याला दोनशे वर्षे झाली म्हणून ब्रिटनभर कार्यक्रम झाले, त्यांतले बरेचसे अटलांटिक महासागराभोवती फिरणारे होते. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मात्र ‘बाँबे आफ्रिकन्स १८५०–१९१०’ हे प्रदर्शन भरवले. संशोधक क्लिफर्ड परेरा यांनी सोसायटीच्या संग्रहातली छायाचित्रे आणि कागद एकत्र केले होते. आजवर मोहिमेच्या चित्रांत कडेला उभे असणारे चेहरे इथे मधोमध आले. युनेस्कोने गुलामव्यापाराच्या स्मरणासाठी नेमलेला २३ ऑगस्ट हा दिवसही कॅरिबियन बेटांवरल्या १७९१ च्या उठावाचा आहे. तो पाळायलाच हवा. पण हिंदी महासागराच्या काठी राहणाऱ्यांना त्या दिवशी आपल्याच किनाऱ्यावर उतरवलेल्यांची आठवण करायला कोणाची आडकाठी नाही.

असायलम मिटल्यावर शरणपूरची वसाहत चालूच राहिली. दुष्काळांतली पोरकी मुले तिथे आली, मराठी ख्रिस्ती कुटुंबे वाढली. पुढे शहर पश्चिमेकडे सरकले आणि वसाहतीला पोटात घेऊन गेले. शरणपूर रोड आज नाशिकच्या गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे.

स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी छापण्याची आपल्याकडे पद्धत आहे. असायलमच्या शेकडो मुलामुलींपैकी थोड्यांचीच नावे हाती आहेत, आणि मुलींची तर जवळजवळ नाहीतच. जी आहेत ती अशी. १८६६ च्या मोहिमेत गेलेले : सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर, अब्राहम परेरा, अँड्र्यू पॉवेल, रिचर्ड आयझेनबर्ग, रूबेन स्मिथ, जेम्स रटन, आल्बर्ट बराका, नथॅनिएल कुंबा. १८७२ मध्ये गेलेले : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, केरस फॅरर, रिचर्ड रटन, बेंजामिन रटन, मॅथ्यू वेलिंग्टन ऊर्फ चेंग्विम्बे. रबाई आणि फ्रियर टाउनला काम केलेले : विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड.